सोलापुरात शून्य ऊर्जेचे घर बांधताना : धोरण, मानके आणि कामाचा क्रम

वर्षभरात घर जेवढी वीज महावितरणकडून घेते तेवढीच वीज आपल्या छतावर तयार करून परत देते, आणि एप्रिल ते मार्च असा हिशेब मांडल्यावर उरलेला आकडा शून्याच्या आसपास येतो, अशा घराला शून्य ऊर्जेचे घर म्हणतात. त्याला बॅटरी लागतेच असे नाही आणि वीजजोडणी तोडावी लागत नाही. रात्री व पावसाळ्यात वीज ग्रिडमधून येते, दिवसा उन्हात जास्तीची वीज ग्रिडमध्ये जाते.

सोलापुरात अशा घरासाठी ऊन भरपूर आहे, आणि अडचणही उन्हाचीच आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांच्या पुढे जातो तेव्हा उघड्या स्लॅबखालची खोली रात्री अकरापर्यंत तापलेली राहते आणि वातानुकूलन यंत्र किंवा कूलर सतत चालवावा लागतो. म्हणून आधी घरात शिरणारी उष्णता अडवायची, नंतर उपकरणांचा वीजवापर कमी करायचा आणि उरलेल्या गरजेपुरतेच सौर पॅनेल बसवायचे, हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी तो उलटा होतो, कारण सरकारी अनुदान पॅनेलला मिळते, स्लॅबवरच्या उष्णतारोधक थराला मिळत नाही. हद्दवाढ भागात, जुळे सोलापुरात, होटगी रोड किंवा विजापूर रोडच्या बाजूला प्लॉट घेऊन घर बांधणाऱ्या कुटुंबासमोर हे मार्गदर्शन ठेवले आहे.

कोणता कायदा, कोणती संहिता

ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ हा मूळ कायदा आहे आणि त्याखाली काम करणारी संस्था म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो, अर्थात बीईई. आरंभी हा कायदा इमारतींच्या बाबतीत मुख्यतः व्यापारी वापराच्या मोठ्या इमारतींपुरता होता. २०२२ च्या दुरुस्तीने निवासी इमारतीही त्याच्या कक्षेत आल्या. जोडलेला भार १०० किलोवॅट किंवा करारातील मागणी १२० केव्हीए असलेल्या इमारतींना या कायद्याखालची इमारतींची ऊर्जा संहिता लागू होते, आणि ही मर्यादा खाली आणण्याचा अधिकार राज्यांना दिलेला आहे.

घरांसाठीची संहिता ‘इको निवास संहिता’ या नावाने ओळखली जाते. तिचा पहिला भाग डिसेंबर २०१८ मध्ये आला आणि तो भिंती, खिडक्या व छत यांच्यापुरता, म्हणजे इमारतीच्या बाह्य आवरणापुरता आहे. २०२१ मध्ये विजेची उपकरणे, सामाईक सोयी आणि नवीकरणीय ऊर्जा यांची त्यात भर पडली. पहिल्या भागानुसार ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींसाठी ही मानके आहेत. केंद्राने संहिता केली तरी ती प्रत्यक्ष बांधकाम परवान्यात उतरते ती राज्याच्या व स्थानिक नियमावलीतूनच, त्यामुळे नकाशा दाखल करण्यापूर्वी महापालिकेच्या नगररचना विभागात आपल्या प्रकल्पाला त्यातले काय लागू आहे ते लेखी विचारून घ्यावे.

आता आपल्या शहराकडे पाहावे. तीस बाय चाळीस फुटांचा प्लॉट म्हणजे १,२०० चौरस फूट, अर्थात सुमारे १११ चौरस मीटर. सोलापुरातील वैयक्तिक घरांचे बहुतांश प्लॉट याच आकाराच्या आसपासचे असतात, म्हणजे ज्या घरांना उष्णतेचा त्रास सर्वाधिक होतो आणि जिथे मालक स्वतः मिस्त्रीकडून काम करून घेतो, ती घरे ५०० चौरस मीटरच्या अटीमुळे संहितेबाहेर राहतात. माझ्या मते ही मर्यादा उष्ण व कोरड्या हवामानाच्या जिल्ह्यांत तरी खाली आणायला हवी. ती येईपर्यंत मालकाने संहितेतले आकडे स्वतःहून स्वीकारावेत आणि ठेकेदाराशी होणाऱ्या करारात शब्दशः लिहावेत. पुढचे सगळे विवेचन त्यासाठीच आहे.

करारात लिहायचे आकडे

संहितेने देशाचे पाच हवामान विभाग केले आहेत आणि सोलापूर ‘उष्ण-कोरडे’ या विभागात येते. या विभागासाठी चार आकडे लक्षात ठेवावे लागतात.

पहिला आणि सर्वांत मोलाचा आकडा छताचा आहे. छताचा उष्णता-पारगमन गुणांक, म्हणजे छतातून किती उष्णता आरपार जाते ते सांगणारा आकडा, ज्याला वास्तुविशारद ‘यू-व्हॅल्यू’ म्हणतात, १.२ वॅट प्रति चौरस मीटर प्रति अंश केल्विनपेक्षा अधिक असता कामा नये. आतून गिलावा केलेल्या सहा इंची आरसीसी स्लॅबचा हाच गुणांक साधारण साडेतीनच्या घरात असतो, म्हणजे मानकाच्या जवळजवळ तिप्पट. वर विटांच्या तुकड्यांचा कोबा केल्यास तो कमी होतो, पण १.२ पर्यंत येत नाही. एक्सपीएस या फोमसारख्या टणक तक्त्याचा २५ मिलिमीटरचा थर दिला तर गुणांक एकच्या आसपास येतो आणि ५० मिलिमीटर दिला तर ०.६ च्या जवळ. जुन्या पेठांतील माळवदाची घरे दुपारी थंड राहतात याचे कारण मातीच्या जाड थरात आहे. आजच्या स्लॅबवर तेवढे वजन टाकता येत नाही, म्हणून तेच काम हलक्या तक्त्याकडून करून घ्यायचे.

थरांचा क्रम चुकला तर खर्च वाया जातो. स्लॅबवर आधी जलरोधन, त्यावर उष्णतारोधक तक्ते, त्यावर उतार देणारा काँक्रीटचा थर आणि सर्वांत वर पांढऱ्या चिनी मातीच्या फरशीचे तुकडे किंवा परावर्तक पांढरा रंग, असे काम करावे. पृष्ठभागाने पडलेल्या उन्हाचा किमान ६० टक्के भाग परत फेकावा, अशी अपेक्षा बीईईच्या व्यापारी इमारतींच्या संहितेत ‘थंड छता’साठी आहे आणि ती घरालाही वापरता येते. नुसता पांढरा रंग धुळीने वर्षभरात मळतो, म्हणून शक्य असेल तर फरशीचे तुकडे निवडावेत.

दुसरा आकडा भिंती आणि खिडक्यांचा एकत्रित आहे. त्याला आरईटीव्ही म्हणतात, म्हणजे छत वगळून इतर आवरणातून घरात येणारी सरासरी उष्णता, आणि तिची कमाल मर्यादा १५ वॅट प्रति चौरस मीटर आहे. हे गणित वास्तुविशारदाने करायचे असले तरी त्यातली एक गोष्ट मालकाने समजून घ्यावी. सूत्राचे तीन भाग आहेत : भिंतीतून येणारी उष्णता, काचेतून वाहत येणारी उष्णता आणि काचेतून थेट आत येणारे ऊन. उष्ण-कोरड्या विभागासाठी तिसऱ्या भागाचा गुणक पहिल्याच्या दहापटीहून मोठा आहे. म्हणजे भिंतीची वीट बदलण्यावर पैसे घालण्यापूर्वी खिडकीवरची सावली पक्की करणे अधिक फायद्याचे ठरते.

कोणत्या दिशेची खिडकी किती ऊन आणते हेही संहितेने आकड्यांत दिले आहे. कर्कवृत्ताच्या दक्षिणेकडील ठिकाणांसाठी दिशेचा गुणक उत्तरेला ०.६५९, दक्षिणेला ०.९६६, तर पूर्व व पश्चिमेला सुमारे १.१५५ आहे. सोलापूरचा अक्षांश १७.७ अंशांच्या आसपास असल्यामुळे मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात मध्यान्हीचा सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि जूनमध्ये तो किंचित उत्तरेकडे कललेला असतो, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा छज्जा सहज पुरतो. पश्चिमेचे तसे नाही. दुपारी चारचे तिरपे ऊन छज्जाखालून थेट आत येते, तिथे उभी जाळी, बाहेरून पडदा किंवा कडुनिंबासारखे झाड हाच उपाय आहे. जिना, न्हाणीघर, कोठीची खोली पश्चिमेला टाकली की निम्मा प्रश्न नकाशातच सुटतो. रस्ता पश्चिमेला असलेल्या प्लॉटवर दर्शनी भागात मोठी काच लावण्याचा आग्रह अनेकदा होतो, तो मनापासून टाळावा.

भिंतीच्या साहित्याबद्दल सोलापूरकरांना एक जवळची सोय आहे. दक्षिण सोलापुरात एनटीपीसीचे १,३२० मेगावॅटचे कोळशावरचे वीजकेंद्र आहे, आणि अशा केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या परिसरातील बांधकामांत राखेपासूनची उत्पादने वापरण्याविषयी केंद्राची अधिसूचना आहे. राखेच्या विटा जरूर वापराव्यात, त्याने सुपीक माती वाचते. मात्र राखेची घन वीट उष्णता अडवण्यात भाजलेल्या विटेहून फार वेगळी नाही. नऊ इंची भाजक्या विटेच्या भिंतीचा गुणांक दोनच्या आसपास असतो, तर आठ इंची एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या हलक्या काँक्रीट ठोकळ्यांच्या, भिंतीचा पाऊणच्या आसपास. म्हणून पूर्व-पश्चिमेच्या भिंती एएसीच्या आणि बाकीच्या राखेच्या विटेच्या, अशी विभागणी खर्चाच्या दृष्टीने शहाणपणाची आहे.

तिसरा आकडा वाऱ्याचा. उघडता येणाऱ्या खिडक्या-दारांचे एकूण क्षेत्रफळ चटई क्षेत्राच्या किमान १० टक्के असावे. शंभर चौरस मीटर चटई क्षेत्राच्या घराला १० चौरस मीटर उघडझाप होणारी जागा हवी. दोन पाखी सरकत्या खिडकीचे क्षेत्र निम्मेच धरले जाते, तीन पाखीचे दोन तृतीयांश, आणि बिजागरीच्या खिडकीचे ९० टक्के. कोरड्या हवामानात दिवस आणि रात्र यांच्या तापमानात मोठा फरक असतो, तेव्हा दिवसा खिडक्या बंद व रात्री सताड उघड्या ठेवल्या तर भिंतीत साठलेली उष्णता बाहेर जाते. त्यासाठी डासांची जाळी व मजबूत गज ही खिडकीची अंगे सुरुवातीपासून अंदाजपत्रकात धरावीत, नाहीतर रात्री खिडक्या उघडल्याच जात नाहीत.

चौथा आकडा उजेडाचा. खिडक्यांचे प्रमाण बाह्य भिंतीच्या ३० टक्क्यांपर्यंत असेल तर काचेतून किमान २७ टक्के दृश्य प्रकाश आत यायला हवा. गडद रंगाची आरशासारखी काच या कसोटीला उतरत नाही आणि दिवसा दिवे लावायला भाग पाडते.

ठेकेदाराशी करारात पुढील मजकूर घालता येईल : ‘छताचा यू-व्हॅल्यू १.२ पेक्षा व घराचा आरईटीव्ही १५ पेक्षा अधिक असणार नाही, याची वास्तुविशारदाच्या सहीची गणना काम सुरू होण्यापूर्वी दिली जाईल, आणि छतावरील उष्णतारोधक थराची जाडी वरचे काँक्रीट पडण्यापूर्वी मालकाला मोजून दाखवली जाईल.’ काँक्रीट पडल्यानंतर खाली काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही, म्हणून या वाक्याचा शेवटचा भाग कोणत्याही परिस्थितीत वगळू नये.

विजेचा हिशेब मांडणे

घराच्या वर्षाच्या वीजवापराला बांधकाम क्षेत्रफळाने भागले की ऊर्जा कामगिरी निर्देशांक मिळतो. उदाहरणादाखल तळमजला व पहिला मजला मिळून १३० चौरस मीटरचे घर घेऊ. नेहमीच्या पद्धतीने बांधले आणि वर्षाला ४,८०० युनिटे लागली तर निर्देशांक ३७ येतो. छत, सावली आणि उपकरणे सुधारून वापर ३,६०० वर आणला तर तो २८ च्या आत येतो. बीईईच्या ‘शून्य’ मानांकनात सौरऊर्जा वजा केल्यानंतरचा निर्देशांक ० ते १० च्या दरम्यान असलेल्या इमारतीला ‘शून्य’ आणि ऋण आकडा असलेल्या इमारतीला ‘शून्य प्लस’ म्हटले जाते. वैयक्तिक घराने मानांकन घेतले नाही तरी हेच मोजमाप स्वतःसाठी वापरावे.

सोलापूरच्या उन्हात एक किलोवॅटचे पॅनेल वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिटे देते आणि त्याला छतावर साधारण १०० चौरस फूट जागा लागते. म्हणजे ४,८०० युनिटांसाठी ३.३ किलोवॅट, तर ३,६०० युनिटांसाठी अडीच किलोवॅट. उपकरणांची निवड इथे थेट पॅनेलच्या खर्चात उतरते. ७५ वॅटचा जुना पंखा बदलून ३० वॅटचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोटरचा, पंखा घेतला आणि असे पाच पंखे रोज बारा तास, वर्षातले नऊ महिने चालले, तर सुमारे ७३० युनिटे वाचतात. तेवढी वीज अर्ध्या किलोवॅटच्या पॅनेलची वर्षभराची मिळकत आहे.

कूलर की वातानुकूलन यंत्र, हा प्रश्न इथे नेहमी निघतो. कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो आणि वीज फार कमी घेतो, पण त्याला रोज पाणी लागते. ज्या भागात नळाला दिवसाआड, कधी त्याहूनही उशिरा पाणी येते तिथे हा विचार गंभीरपणे करावा. झोपण्याच्या एका खोलीपुरते पंचतारांकित इन्व्हर्टर यंत्र २६ अंशांवर ठेवून पंख्यासोबत चालवणे हा मधला मार्ग आहे. पाणी तापवण्यासाठी सौरबंब घेताना बोअरच्या जड पाण्याने नळ्यांत क्षार बसतात हे ध्यानात ठेवून उष्णता-विनिमयक असलेला, म्हणजे जड पाणी थेट नळ्यांतून न फिरवणारा, प्रकार मागावा.

स्वयंपाकाचा गॅस बहुतेक जण हिशेबात धरत नाहीत. १४.२ किलोच्या एका सिलिंडरमध्ये सुमारे १८० युनिटांइतकी उष्णता असते. घर खऱ्या अर्थाने शून्यावर आणायचे असेल तर इंडक्शन शेगडीसाठी ओट्यापाशी स्वतंत्र १६ अँपिअरची जोडणी आताच काढून ठेवावी.

पॅनेल, अनुदान आणि नेट मीटर

प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,००० रुपये, असे तीन किलोवॅट किंवा अधिकसाठी कमाल ७८,००० रुपये केंद्रीय अनुदान आहे. गृहनिर्माण संस्थांना लिफ्ट, पंप यांसारख्या सामाईक वापरासाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपये मिळतात. पाच-सहा मजली इमारतीचे छत सर्व सदनिकांची वीज भागवू शकत नाही, तरी सामाईक बिल शून्यावर आणणे तिला शक्य असते.

अर्ज योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर महावितरणचा १२ अंकी ग्राहक क्रमांक देऊन करावा. वीजबिल वडिलांच्या किंवा आधीच्या मालकाच्या नावावर असेल तर प्रथम नावबदल करून घ्यावा, कारण अनुदान आणि बँक खाते यांची सांगड तिथेच अडकते. २०२४ च्या वीज ग्राहक हक्क दुरुस्ती नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक व्यवहार्यतेच्या तपासणीची गरज उरलेली नाही. काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच करून घ्यावे लागते, पॅनेल देशात बनवलेल्या सेलचे असावे लागतात, आणि पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याने करायची असते. ही शेवटची अट कोटेशनमध्ये स्पष्ट लिहून घ्यावी. उभारणी झाल्यावर ग्रिडमधून घेतलेली आणि ग्रिडला दिलेली अशी दोन्ही वीज मोजणारा नेट मीटर बसतो, तपासणी होते आणि अनुदान थेट खात्यात जमा होते.

महाराष्ट्रात नेट मीटरचा कारभार राज्य वीज नियामक आयोगाच्या २०१९ च्या विनियमांवर चालतो. महिन्याला उरलेली युनिटे पुढच्या महिन्यात ओढली जातात, पण आर्थिक वर्षअखेर उरलेल्या युनिटांना मिळणारा दर आपण वीज घेतो त्या दराहून बराच कमी असतो. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवून कमाई होईल ही अपेक्षा ठेवू नये. युनिटे शून्य झाली तरी बिलातला स्थिर आकार भरावाच लागतो, हेही घरातल्या सर्वांना आधीच सांगून ठेवावे. शिवाय बॅटरीशिवायचा संच वीज गेल्यावर सुरक्षिततेसाठी स्वतः बंद पडतो, भर दुपारी ऊन असले तरी.

नव्या घराला मिळणारा मोठा फायदा म्हणजे पॅनेलची तयारी बांधकामातच करता येते. पॅनेलच्या खांबांसाठीचे काँक्रीटचे ओटे स्लॅबसोबत किंवा जलरोधनापूर्वी बांधावेत, नंतर छतात छिद्रे पाडली की गळती ठरलेली आहे. गच्चीपासून मीटरपर्यंत केबलची पाइप भिंतीत सोडावी. भूसंपर्कनाचे (अर्थिंगचे) तीन खड्डे, म्हणजे पॅनेलकडील, घराकडील आणि आकाशातून पडणाऱ्या विजेपासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचा, वेगवेगळे असावेत. पॅनेल दक्षिणेकडे १५ ते १८ अंश कललेले ठेवावेत. सिलिकॉनचे पॅनेल तापले की प्रत्येक अंशामागे सुमारे ०.३५ ते ०.४ टक्के उत्पादन घटते, त्यामुळे त्यांच्याखालून वारा खेळला पाहिजे. गच्चीवर पापड-कुरडया वाळवण्यासाठी आणि उन्हाळ्यात झोपण्यासाठी जागा हवी असेल तर सात-आठ फूट उंच सांगाडा करता येतो आणि त्याने छतावर सावलीही पडते, पण वळवाच्या वादळी वाऱ्यासाठी त्याचा आराखडा संरचना अभियंत्याच्या सहीचा असावा.

मोठ्या प्रकल्पांसाठी आणखी एक तरतूद माहीत असावी. राज्याच्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत हरित मानांकन मिळवणाऱ्या इमारतींना मूळ चटई क्षेत्र निर्देशांकावर दर्जानुसार ३, ५ किंवा ७ टक्के अधिक क्षेत्र मिळते. ‘गृह’ (जीआरआयएचए) किंवा आयजीबीसी या हरित इमारत मानांकनांपैकी एक त्यासाठी चालते. सदनिका घेणाऱ्याने बिल्डरला हे वाढीव क्षेत्र घेतले आहे का, आणि घेतले असल्यास अंतिम मानांकनाचे प्रमाणपत्र कुठे आहे, असे विचारावे. कुंभारीच्या रे नगरसारख्या ३०,००० घरांच्या वसाहती जिथे उभ्या राहतात त्या जिल्ह्यात छताचा एक आकडा आराखड्यातच धरला जाणे किती कुटुंबांच्या उन्हाळ्याशी जोडलेले आहे, याचा विचार नियोजन करणाऱ्यांनीही करायला हवा.

राहायला गेल्यानंतरचे पहिले वर्ष

पहिल्या वर्षी दर महिन्याच्या बिलावरील आयात आणि निर्यात युनिटे एका वहीत उतरवावीत. पॅनेल पंधरवड्यातून एकदा सकाळी, काच थंड असताना, ओल्या फडक्याने पुसावेत, भर उन्हात गार पाणी ओतू नये. मे महिन्यात दुपारी तीन वाजता अवरक्त तापमापकाने स्लॅबच्या खालच्या बाजूचे तापमान मोजावे आणि खोलीच्या हवेशी ताडून पाहावे. ते हवेपेक्षा पाच-सात अंशांनी जास्त निघाले तर उष्णतारोधक थरात कुठेतरी खंड आहे, आणि अशा वेळी आणखी पॅनेल मागवण्याआधी ठेकेदाराला करारातील वाक्य दाखवून छत दुरुस्त करून घ्यावे. ३१ मार्चला वर्षाची निव्वळ आयात, म्हणजे आयातीतून निर्यात वजा करून उरलेली युनिटे, क्षेत्रफळाने भागावी. आकडा दहाच्या वर असेल तर प्रथम उन्हाळ्याच्या तीन महिन्यांची नोंद तपासावी, कारण सोलापुरात वाढलेला वापर बहुधा त्याच महिन्यांत सापडतो.